जुन्या व्हॅनचं पाणी जातं कुठे? कूलंटची गळती शोधण्यापासून बंद करण्यापर्यंत

गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही वाड्यावर एखादी तरी जुनी ओम्नी किंवा इको दिसते, आणि तिच्या सीटमागे पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली असते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘‘थोडं पाणी खाते, बाकी इंजिन एकदम ओके.’’ इंजिन पाणी खात नाही. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, मार्ग बंदिस्त असतो. निरोगी गाडीत रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळी महिनोनमहिने जवळजवळ हलत नाही. दर आठवड्याला बोटभर पाणी कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय किंवा सिलिंडरात जाऊन वाफ होऊन उडतंय.

गॅरेजात बऱ्याचदा होतं ते असं. गाडी तापली म्हणून नेली की ‘‘पात्रांव, रेडिएटर गेला’’ असं ऐकायला मिळतं आणि नवा रेडिएटर बसतो. महिन्याभराने गळती तशीच असते, कारण पाणी एका गंजलेल्या क्लिपपाशी जात होतं. जागा नक्की सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मे पैसे वाचतात. ही जागा शोधायचं काम घरच्या घरी होऊ शकतं, त्याला मेस्त्रीच लागतो असं नाही.

ओम्नी, व्हर्सा आणि इको या मारुतीच्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. इनोव्हा, क्वालिस, टवेरा यांत ते बॉनेटखाली असतं. हात घालायची जागा वेगळी, पण तपासाची पद्धत एकच.

आधी दाब समजून घ्या

साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर हा आकडा साधारण 107 पर्यंत जातो. त्यावर रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो त्या दाबाचा. 0.9 च्या कॅपखाली तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गळती लागली की पाणी तर जातंच, शिवाय दाबही बसत नाही. मग पातळी बरी दिसत असतानाही चढावर गाडी उकळते.

‘‘गोव्यात कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’’ हा प्रश्न नेहमीचा. गोठण्याची भीती नाही हे खरं. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात आणि आपल्याकडे त्यांचीच जास्त गरज आहे. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असतं, किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारटपणा उतरतो. खारं पाणी ॲल्युमिनियमला आतून खातं. कित्येक वर्षं फक्त विहिरीच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून पाहा: आत तांबडा चिखल बसलेला असतो आणि सिलिंडर हेडवरची पाइप बसायची नळी कुरतडल्यासारखी झालेली असते. अशा नळीवर नवा पाइप घातला तरी गळतो.

खाली पडलंय ते कूलंटच आहे ना?

दमट हवेत एसी चालू असला की गाडीखाली बऱ्यापैकी पाणी साचतं. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, बोटाला चिकटत नाही. त्याची काळजी करू नका. कूलंट बोटांत चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि रंग असतो हिरवा, लाल, निळा किंवा गुलाबी. मात्र जुन्या गाडीत नुसतंच पाणी भरलेलं असेल तर रंग-वासावर विसंबून चालणार नाही. तेव्हा एक दिवस एसी पूर्ण बंद ठेवून गाडी फिरवा आणि मग खाली बघा. चव घेऊन खात्री करायच्या फंदात पडू नका, इथिलीन ग्लायकोल विषारी असतं. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन-पुसून घ्या.

रात्री गाडी सपाट जागी लावून खाली मोठा पुठ्ठा सरकवा. पुढची दोन्ही चाकं कुठे आहेत ते पुठ्ठ्यावर पेनाने आखा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून निदान बाजू तरी कळते. पण थेंब पडला तिथेच गळती असं मानू नका. पाणी पाइपवरून, चेसिसच्या पत्र्यावरून ओघळत जाऊन हातभर लांब पडतं. डाग दिसला की तिथून वर-वर शोधत जायचं.

बाटलीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. इंजिन थंड असतानाच पाहायचं, कारण तापल्यावर पातळी आपोआप वर जाते. आठवड्याभरात रेघ किती सुटली यावरून घाई किती करायची ते ठरतं.

थंड इंजिनावर पहिली फेरी

इंजिन पूर्ण थंड म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका, फडकं धरूनही नाही. दाब सुटताच शंभराच्या वर तापलेलं पाणी अंगावर उसळतं. व्हॅनमध्ये तर सीट उचलून आपण तोंड नेमकं इंजिनावर धरलेलं असतं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगडाची अटकण लावून. खाली शिरायचं असेल तर फक्त जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा. चिऱ्याच्या अंगणात किंवा पावसाने मऊ झालेल्या मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी घ्या. लुंगी, ओढणी, सैल बाह्या नकोत. सीटखालचं इंजिन चालू असताना बेल्ट अगदी हाताशी येतो. विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही फिरू लागतो, म्हणून पात्यांत बोट घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

डिचोली-साखळीकडे खाणपट्ट्यात फिरलेली गाडी असेल तर इंजिनवर तांबड्या धुळीचा थर असतो, त्यात काहीच दिसत नाही. आधी फडक्याने आणि ब्रशने पुसून घ्या, फार तर हलक्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा वायरिंगवर मारू नका. इंजिन सुकलं की हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन पाहायचं ते हे: सांध्यांपाशी वाळलेली खपली. कूलंट वाळला की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मागे राहतो. ओल उडून जाते, पापुद्रा राहतो, आणि बारीक गळतीचा सगळ्यात खात्रीचा पुरावा तोच. सांधा संशयास्पद वाटला तर पुसून कोरडा करा आणि त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी वीस मिनिटं चालवून आणली की पावडरीवर ओघळाची रेघ उमटलेली दिसते. कसला खर्च नाही, आणि रेघेचं वरचं टोक थेट जागा दाखवतं.

आता कॅप उघडा. बाटली भरलेली, पण रेडिएटर वरून रिकामा, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. कॅपमध्ये दोन झडपा असतात. एक दाब वाढल्यावर पाणी बाटलीकडे सोडते, दुसरी इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढू देते. दुसरी अडकली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली की पाणी परत येत नाही. इंजिन थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर बहुधा कॅपच दोषी. कॅपचं रबर कडक झालंय का, फुटलंय का, तिची बैठक कुठे खरवडलीय का ते बघा. पाचेक वर्षं जुनी कॅप असेल तर फार विचार न करता बदला, पण आकडा तोच घ्या. 0.9 च्या जागी 1.1 टाकली तर जुन्या पाइपांवर आणि प्लास्टिकच्या टाक्यांवर नाहक ताण येतो.

दुसरी फेरी: दाब देऊन

थंड इंजिनावर फट बऱ्याचदा मिटलेली असते. ती उघडायची तर दाब द्यावा लागतो. त्यासाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर मिळतो. तो कॅपच्या जागी बसवायचा आणि काट्यावर कॅपच्या आकड्याएवढा दाब येईपर्यंत पंप मारायचा. त्यापुढे एकदाही पंप मारायचा नाही, नाहीतर नसलेली गळती आपणच तयार करू. मग पंधरा मिनिटं थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर बाहेरची गळती नाही. खाली येत गेला तर बॅटरी घेऊन शोधायचं आणि कानही द्यायचा. बारीक फवाऱ्याचा सूं आवाज शांत जागी ऐकू येतो. म्हापसा, फोंडा, मडगावच्या बऱ्याच गॅरेजांत टेस्टर असतो. ‘‘फक्त प्रेशर टेस्ट करून दाखव’’ असं म्हणून शेजारी उभं राहायला हरकत नाही.

टेस्टर नसेल तर गाडी तापवून, पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत चालवा. मग इंजिन बंद करून, हात लांब ठेवून, बॅटरीने बघत राहा. बंद केल्यानंतरची पहिली दहा मिनिटं महत्त्वाची, कारण पाण्याचं फिरणं थांबतं आणि तापमान व दाब आणखी थोडे वाढतात.

तरीही सापडत नसेल तर कूलंटमध्ये टाकायचा चमकणारा रंग घ्या. तो टाकून दोन दिवस गाडी वापरा आणि रात्री अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चने बघा. जिथून गळतंय तिथे हिरवट-पिवळी चमक दिसते.

संशयित, एकेक करून

होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा पहिल्या. सीटखालच्या इंजिनापासून पुढच्या रेडिएटरपर्यंत पाइपांना बराच पल्ला गाठावा लागतो, म्हणजे सांधे जास्त, घासायच्या जागा जास्त. पाइप थंड असताना टोकापाशी दाबून बघा. मऊ लिबलिबीत, आत करकरणारा, किंवा क्लिपेच्या मागे फुगलेला पाइप आज गळत नसला तरी उद्या गळेल. खारट हवेत क्लिपा आधी गंजतात. वरून बरी दिसणारी क्लिप स्क्रूपाशी कुजलेली असते, स्क्रूड्रायव्हर लावला की पट्टी हातात येते. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात शिरतात आणि वायरींबरोबर पाइपही कुरतडतात. दातांच्या खुणा सहज ओळखू येतात.

गाडी गॅसवर असेल तर आणखी एक जागा आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. एलपीजी किंवा सीएनजीचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचं गरम पाणी दिलेलं असतं. त्यासाठी मूळ पाइप कापून टी-जोड घातलेले असतात, दोन बारीक पाइप वाढलेले असतात आणि क्लिपाही दुप्पट होतात. किट बसवणाऱ्याने प्लास्टिकचे टी घातले असतील तर ते काही वर्षांनी ठिसूळ होतात. रिड्यूसरवर बर्फासारखा थर दिसू लागला किंवा गॅसवर गाडी दम टाकू लागली तर गॅसचं बघण्याआधी पाण्याची पातळी बघा. रिड्यूसरचा पडदा आतून फाटला तर गॅस थेट कूलंटमध्ये शिरतो आणि रेडिएटरात बुडबुडे येतात. लक्षण हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याचं, दोष रिड्यूसरचा. म्हणून गॅसच्या गाडीत हेड उघडण्यापूर्वी गॅस बंद करून, पेट्रोलवर चालवून बुडबुडे थांबतात का ते बघायचं. रिड्यूसर उघडायचं काम मात्र गॅसकिटवाल्याचंच.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भोकापाशी वाळलेला हलका डाग चालेल. ओल किंवा थेंब असेल तर पंप गेला. बेल्ट ढिला करून पुली पुढे-मागे हलवा, खुळखुळ जाणवली तरी तेच. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग भेटतात. त्याने पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप वाटेत आडवा होतो. पंप टायमिंग बेल्टने फिरत असेल तर पंप आणि टायमिंग बेल्ट एकत्रच बदला, उघडण्याची मजुरी एकदाच पडते.

थर्मोस्टॅटच्या झाकणाखालचं पॅकिंग, तापमानाच्या सेन्सरचा आटा, रेडिएटरखालचा ड्रेन प्लग, बाटलीच्या तळाची चीर: या चार जागा नजरेखालून घाला, वेळ लागत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या मात्र लपलेल्या असतात. पाण्यावरच चालवलेल्या गाडीत त्या आतून गंजतात आणि सुईएवढं भोक पडतं. तांबडा ओघळ ब्लॉकवरून खाली आलेला दिसला तर संशय तिथे घ्या.

रेडिएटर आता. हल्लीच्या रेडिएटरला ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात. दोन्ही जिथे दाबून जोडलेल्या असतात त्या शिवणीवर खपली शोधा, गळती बहुधा तिथेच सुरू होते. जाळीच्या पात्यांवर हलकंच बोट फिरवा. समुद्राकाठच्या गाडीत पाती भुग्यासारखी गळून पडतात. तो रेडिएटर गळत नसला तरी थंड करायचं काम करत नाही.

हिटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या आत छोटा रेडिएटर असतो. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला, काचेवर तेलकट धुकं, गाडीत गोडसर वास. यातलं काही असेल तर तोच. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. माझं मत विचाराल तर गोव्यात वापरायच्या जुन्या व्हॅनसाठी हा खर्च करू नये. हिटरकडे जाणारे आणि येणारे पाइप इंजिनापाशी एकमेकांना जोडून हिटर वगळून टाकावा. पावसात काच साफ ठेवायला एसी पुरतो.

बाहेर कुठेच थेंब नाही, तरी पातळी उतरते

मग संशय हेड गॅस्केटवर. गाडी थंड असताना कॅप काढा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि इंजिन चालू करा. अडकलेली हवा निघताना सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच. ते थांबेनात, एका लयीत येत राहिले, किंवा पाणी उसळू लागलं तर लगेच बंद करा. सिलिंडरातला वायू कूलंटमध्ये येतोय. आणखी एक खूण: कॅप लावून थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होणं. एवढ्या लवकर उष्णतेने दाब वाढत नाही.

ऑइलचं झाकण उघडल्यावर दुधाळ थर दिसला की लोक घाबरतात. पावसाळ्यात फक्त बाजारापर्यंत फिरणाऱ्या गाडीत दमट हवेमुळे झाकणाखाली थोडा फेस जमतोच. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइलही कॉफीसारखं दुधाळ असेल तर खरंच पाणी शिरलंय. त्या अवस्थेत गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर तीही खूण. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन धरून करायची चाचणी असते. जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवलं की ते सरळ आहे का हे तपासून, गरज असेल तर लेथवर फेसिंग करूनच नवं गॅस्केट टाकायला सांगा. वाकड्या हेडवर टाकलेलं गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

दुरुस्ती

पाइप बदलताना जुना ओढून काढू नका, नळी मोडेल. ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढा. नळीवरची पांढरी-तांबडी खपली बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. जुबली क्लिप स्टेनलेस स्टीलचीच घ्या, खारट हवेत साधी टिकत नाही. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर बसवलेली क्लिप कितीही आवळा, गळतेच. आवळायचीही मर्यादा आहे: रबर पट्टीच्या खाचांतून फुगून वर यायला लागलं की जास्त झालं. सीलंट चोपडायची गरज नसते. एक पाइप गेला असेल आणि बाकीचेही त्याच वयाचे असतील तर सगळे बदला.

जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर डाख लावून नीट दुरुस्त होतो आणि वर्षानुवर्षं चालतो, असे कारागीर अजून आहेत. ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरवर एम-सील म्हणजे तात्पुरती सोय, घरी पोचण्यापुरती. टाकी शाबूत असून फक्त शिवणीचं रबर गेलं असेल तर काही रेडिएटरवाले टाकी उघडून रबर बदलून देतात. पण जाळीच कुजलेली असेल तर त्यावर पैसे घालू नका.

आणि हळद. रेडिएटरात हळद टाकली की गळती थांबते हे मी नाकारत नाही, काही वेळा थांबते. तिचा गोळा फटीत अडकतो. पण तोच गोळा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हिटरमध्येही अडकतो, त्याला गळकी नळी कुठली आणि चांगली कुठली हे कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्टॉप-लीक पावडरींचंही थोड्याफार फरकाने तेच. घाटात अडकलात तर टाका, पण घरी आल्यावर सगळं धुऊन काढायची तयारी ठेवा.

भरणं आणि हवा काढणं

दुरुस्तीइतकंच हे महत्त्वाचं, आणि इथेच घाई होते. इंजिन थंड असताना जुनं पाणी तसराळ्यात काढा आणि किती निघालं ते मोजून ठेवा. गटारात किंवा माडाच्या मुळाशी ओतू नका. डब्यात भरून, झाकण लावून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. मग साध्या पाण्याने मार्ग धुवा. भरा, इंजिन तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, काढा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करायचं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने.

कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं घ्या. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नाही. दोन वेगळे प्रकार एकत्र केले तर गंज रोखायची ताकद घटते, कधी कधी गाळही धरतो. डबा घेताना वाचा: काही कूलंट तसंच ओतायचं असतं, काहीत पाणी घालावं लागतं. पाणी घालायचं असेल तर डिस्टिल्ड, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. जुन्या मार्गात थोडं पाणी राहतंच, तेवढं हिशेबात धरा.

हवा काढायची कृती अशी:

1. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे भरायची जागा वर येते आणि हवा तिकडे सरकते.
2. हिटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर ढिला करा.
3. कॅप उघडी ठेवून सावकाश ओता. मध्ये मध्ये पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येऊ द्या. स्क्रूतून नुसतं पाणी येऊ लागलं की तो आवळा.
4. मोकळ्या हवेत इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, पुन्हा भरा. पाणी काठावर चढू लागलं तर थांबा, कॅप लावा.
5. पंखा निदान दोनदा चालू-बंद होईपर्यंत वाट बघा. तो सुरूच झाला नाही आणि काटा वर जात राहिला तर इंजिन बंद करा. हवा अडकलीय, नाहीतर पंख्याचा फ्यूज, रिले किंवा स्विच गेलाय.
6. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी रेडिएटर आणि बाटली दोन्ही पुन्हा भरा.

लांब पाइपांच्या व्हॅनमध्ये एका खेपेत सगळी हवा निघेलच असं नाही. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी कॅप उघडून बघा. त्यानंतर बाटलीवरच्या रेघेने काम भागतं.

घाटात गाडी तापली तर

दुरुस्तीनंतरची खरी परीक्षा चोर्ला किंवा अनमोड घाटात. चोर्ल्याकडे जाताना केरी, अनमोडकडे जाताना मोले सोडल्यावर चढ सुरू होतो आणि भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये, कमी वेगात, जास्त ताकदीने ओढत राहते. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की आधी एसी बंद करा. हिटर असेल तर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात, काचा खाली. घाम फुटेल, पण इंजिनातली उष्णता थोडी तरी बाहेर पडते. रुंद जागा दिसताच बाजूला घ्या, वळणावर थांबू नका.

काटा वर गेला होता आणि मग आपोआप एकदम खाली आला, तर ‘‘थंड झाली’’ असं समजू नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. तिथेच इंजिन बंद करायचं.

निदान पाऊण तास कॅपला हात लावायचा नाही. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला की जाड फडकं धरून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, सूं आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं, म्हणून थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून, थांबत-थांबत घाला. पाइपाला चीर असेल तर कोरडं पुसून रबराची सेल्फ-फ्यूजिंग टेप ताणून गुंडाळा आणि कॅप पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवरच ठेवा. दाब बसत नाही म्हणून गळती कमी होते, पण पाणीही लवकर उकळतं. त्यामुळे हलक्या पायाने, दर काही किलोमीटरला थांबत उताराकडे, म्हणजे परत केरीला किंवा मोल्याला यायचं. घाटात मोबाइलची रेंज मध्ये मध्ये जाते, तेव्हा गॅरेजला फोन करायचा तो रेंज असेल तिथूनच करून घ्या. आणि ओतलेलं पाणी पंधरा मिनिटंही टिकत नसेल तर इंजिन पुन्हा चालू न करता टोइंग बोलवा. टोइंगचं बिल हेडच्या कामापेक्षा केव्हाही लहान असतं.